डोळे आखताना 'मी' कुठं जातो?

ओलाकागद | १२ जुलै, रात्री १०:२०

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आज सकाळी इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर चित्र काढता काढता पाऊस आला, भिजून घरी आलो, आणि ठरवलं की आता लिहूनच काढायचं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. जलरंग हे पहिल्यापासूनचं वेड. २०१६ साली एका मोठ्या प्रदर्शनात माझ्या पंचगंगा घाटाच्या चित्राला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, गल्लीत फ्लेक्स लागला, आईनं पेढे वाटले. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी चित्र असं काढलंच नाही. कागद भरपूर रंगवले, पण दरवेळी तेच घाटाचं चित्र निघायचं. समोर जोतिबाचा डोंगर असो नाहीतर पन्हाळ्याची तटबंदी, माझ्या कागदावर तोच उन्हाचा तिरका पट्टा, डावीकडं काळसर दीपमाळ, मधोमध लुगड्याचा लाल ठिपका. कारण पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकायच्या आधीच परीक्षक डोक्यात येऊन बसलेले असायचे. 'आता लाल ठिपका कुठं घालणार?' असं विचारत. आणि मी घालायचो.

ओळखीचे लोक वा वा म्हणायचे. मला मात्र रात्री झोप लागायची नाही. हात मेला की काय, अशी भीती वाटायची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभारवाड्यांत पाणी शिरलं. गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला. माझ्या ओळखीचे एक मूर्तिकार आहेत, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. पाणी उतरल्यावर त्यांच्या शेडमध्ये गेलो तेव्हा फळ्यांवर मूर्तींच्या जागी शाडूचे ढीग होते. कच्ची माती, पाण्यात बसली की विरघळणारच. काही पाटांवर फक्त पावलं शिल्लक होती. आण्णा काहीच बोलले नाहीत. कमरेला पंचा बांधून चिखल ओढत होते.

तीन आठवडे हातात, आणि लोकांचे आगाऊ पैसे घेतलेले. मिळेल त्या हातानं काम सुरू झालं. मी शाळा सुटली की जायचो. आधी माती मळली, मग घासकाम, मग पांढऱ्या रंगाचा हात. शेवटच्या आठवड्यात आण्णांचे आखणी करणारे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारे, पाहुणे आजारी पडले आणि आण्णा म्हणाले, "सर, डोळे तुम्ही करा."

ज्यांनी कधी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूर्ती सगळी रंगून झाली, पितांबर झाला, सोनेरी झाली, तरी डोळे आखेपर्यंत ती मातीच असते. आधी डोळ्यात पांढरा भरायचा. कोपऱ्यात किंचित गुलाबी. मग तपकिरी बुबुळ, त्यात काळा. वरच्या पापणीची रेघ एका दमात, नाकाकडून बाहेर, मध्ये जाड, शेवटाला निमुळती. सगळ्यात शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची म्हणजे हात हलत नाही. एक डोळा कुणालाही जमतो. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघणारे काढणं, हे खरं काम. आणि मूर्ती उंचावर बसते, म्हणून नजर थोडी खाली यायला लागते, नाहीतर देव माणसाच्या डोक्यावरून भिंतीकडं बघतो.

पहिल्या पाच मूर्ती मी बिघडवल्या. जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका घेतलेला, बक्षीस मिळालेला माणूस, आणि एक डोळा वर एक खाली. पुसायचे, परत काढायचे. प्रत्येक डोळा 'सुंदर' करायला जात होतो. मागून आवाज आला, "सर, बरशाकडं बघू नगा. झालेल्या डोळ्याकडं बघा आणि हात दुसऱ्यावर चालू द्या."

तसं केलं. जो डोळा काढत होतो त्याच्याकडं बघायचंच सोडलं. आणि हात गेला. रेघ आली. सहावी मूर्ती, सातवी, विसावी. रात्री दोनला मी भानावर आलो तेव्हा फळीवर ओळीनं देव बसले होते आणि सगळे माझ्याकडं बघत होते. अंगावर काटा आला. त्या चार तासांत 'माझी रेघ', 'माझी शैली', 'लोक काय म्हणतील' यातलं काहीच मनात आलं नव्हतं. आठवायला गेलो तर फक्त पंख्याचा आवाज आणि ओल्या रंगाचा वास आठवतो.

त्यानंतर पहिल्याच रविवारी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसलो. आकाश ओल्यावर ओलं टाकलं, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा. एक ओघळ आकाशातून सरळ मठावर उतरला. पूर्वीचा मी असतो तर लगेच टिश्यू घेऊन टिपला असता. त्या दिवशी हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. कुणीतरी आतून 'राहू दे' म्हणाल्यासारखं. ओघळ वाळला तेव्हा दिसलं की तो पाऊस झाला होता. मी काढला नव्हता, झाला होता.

तर विषय हा. काम करताना मीपणा गळून पडतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि आतून जो कौल मिळतो त्याच्यावर किती विसंबायचं? चित्रकारांनीच लिहावं असं नाही. गाणारे, शिवणारे, घडवणारे, सगळ्यांनी लिहा.

---

तांबडीमाती | १२ जुलै, रात्री ११:०५

मी चित्रकार न्हाई, पण तुम्ही लिहिलंय ते मला अंगातनं कळलं म्हणून लिहितो.

वीस-बावीस वर्षांचा असताना तालमीत होतो. एकदा खासबागेत माझी कुस्ती लागली. खासबाग म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, आमच्यासाठी देवळासारखं. आदल्या रात्री झोपलोच न्हाई. ठरवून टाकलं, ढाक हा डाव मारायचा. का? तर ढाक बघायला देखणी. हजारो माणूस उठून उभं राहतंय, फेटं उडताहेत, हे सगळं डोळ्यापुढं.

हात मिळाला आणि दुसऱ्या मिनिटाला ढाकेला गेलो. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर हाय ते माझ्या मनगटाला कळत हुतं, आत्ता न्हाई म्हणून मनगट सांगत हुतं. मी ऐकलं न्हाई. त्यानं तिथंच पट काढला आणि माझी पाठ लागली.

वस्ताद रागावले न्हाईत. एवढंच म्हणाले, "तू त्याच्याशी न्हाई, पब्लिकशी लढलास."

आता माझी पोरं खेळतात त्यांना मी सांगतो, डाव हजार वेळा घोटा, पण मैदानात डाव घिऊन जाऊ नका. हात लागला की अंगच सांगतं.

---

पावशेरदही | १२ जुलै, रात्री ११:३०

वाचतेय. "काढला नव्हता, झाला होता" पाशी थांबले आणि परत पहिल्यापासून वाचलं.

---

षड्जपंचम | १३ जुलै, सकाळी ७:४०

ओलाकागद, सुरेख लिहिलंत. तांबडीमाती, तुमच्या वस्तादांचं वाक्य गाण्यातही तंतोतंत लागू आहे.

आपल्या गावात हा विषय निघाला की मला अल्लादिया खाँसाहेबांची आठवण येते. शाहू महाराजांनी त्यांना १८९५ मध्ये कोल्हापुरात आणलं, महाराज जाईपर्यंत ते इथं दरबारगायक होते. तरुणपणी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पुढं तो पहिल्यासारखा परत आला नाही. विचार करा, गवय्याचं सगळं भांडवल गेलं. गोड, मोकळा गळा हाच ज्याचा अभिमान, त्याला त्या गळ्याशिवाय उभं राहायचं. त्यांनी राहिलेल्या आवाजाला काय झेपतं, तो कुठं वळतो, हे ऐकत ऐकत नवीन गायकी उभी केली. आज जयपूर-अत्रौली म्हणून आपण जे ऐकतो, ती लयीला घट्ट धरून चालणारी, एकातून एक निघत जाणारी तान, अनवट राग, जोडराग, ते सगळं त्या वाटेनं आलं. केसरबाई, मोगूबाई त्यांच्याच शिष्या.

मी स्वतः देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत लहानपणापासून गाणं ऐकत मोठा झालो, गातोही थोडंफार. माझा अनुभव असा की मीपणा तानेत सगळ्यात आधी दिसतो. आलापात लपतो, तानेत लपत नाही. तान घेताना 'आता बघा' असं मनात आलं की सम निसटते, किंवा समेवर येतो पण आदळल्यासारखा. आणि कधीतरी, वर्षातून दोन-तीनदा, तान कुठून निघाली तेच कळत नाही, आणि समेवर आल्यावर तबलजी आणि मी एकमेकांकडं बघून हसतो. तेव्हा दाद मिळाली नाही तरी चालतं.

पण एक सांगू? त्या दोन-तीन वेळांसाठी बाकीचे सगळे दिवस पहाटे षड्ज लावून बसावं लागतं. त्यात आनंद वगैरे रोज नसतो.

---

सुईदोरा | १३ जुलै, दुपारी २:१५

सगळं वाचलं. मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, म्हणून मीही मनापासून लिहिते, थोडं टोचलं तरी चालवून घ्या.

'मीपणा सोडा' हे बायकांना शिकवायची गरज कधीच पडली नाही. आमचा 'मी' तयार व्हायच्या आधीच काढून घेतलेला असतो.

माझी आई वाकळ शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, शर्टाचे तुकडे. कागद नाही, पेन्सिल नाही, मोजमाप नाही. जमिनीवर लुगडं अंथरायची, त्याच्यावर तुकडे टाकायची, थोडा वेळ नुसती बघत बसायची. एखादा तुकडा उचलून दुसरीकडं ठेवायची. का ठेवला विचारलं तर म्हणायची, "तिथं गरम वाटत होतं." रंगाबद्दल बोलत होती ती! लाल तुकडा दोन तांबड्यांच्या शेजारी आला की तिला गरम वाटायचं, मध्ये निळा घातला की जमायचं. मी पुढं कापडाच्या डिझाईनचा कोर्स केला तेव्हा मला रंगचक्र शिकवलं. आईला ते बोटांत होतं.

तुम्ही ज्याला कौल म्हणता ते हेच, आणि माझी आई त्यात तुमच्या कुणाहून कमी नव्हती. पण तिच्या एकाही वाकळेवर तिचं नाव नाही. पाहुणे आले की "बघा, आमच्याकडच्या वाकळा" म्हणून दाखवायचे. आमच्याकडच्या. तिच्या नाहीत.

मी आता कापडाची कोलाजं करते, विकते. पहिल्या प्रदर्शनात मी सही मागच्या बाजूला केली होती, पुढं करायला हात होईना. एका वयस्कर बाईंनी मला हाताला धरून पुढच्या बाजूला सही करायला लावली. तो माझा मीपणा असेल तर असू दे. तो मिळवायला मला चाळीस वर्षं लागली.

म्हणून ओलाकागद, एक विचारते. तुमच्याकडं नाव होतं, बक्षीस होतं, फ्लेक्स होता. त्या रात्री तुम्ही ते चार तास खाली ठेवलंत आणि सुख वाटलं. ज्यांच्याकडं खाली ठेवायला काहीच नाही त्यांनी काय सोडायचं? त्या शेडमध्ये माती मळणाऱ्या, घासकाम करणाऱ्या बायका असतील ना? त्या तर रोज 'मी'शिवायच काम करतात.

---

पावशेरदही | १३ जुलै, दुपारी २:४०

सुईदोरा, "तिथं गरम वाटत होतं" हे मी आता आयुष्यभर विसरणार नाही.

---

ओलाकागद | १३ जुलै, रात्री ९:५०

सुईदोरा, तुमची पोस्ट दुपारी शाळेत वाचली आणि तेव्हापासून एक गोष्ट टोचतेय. ती आधी सांगतो.

मी वर लिहिलं, "मागून आवाज आला." तो आवाज काकींचा होता. आण्णांच्या मंडळींचा. मी तसं लिहिलं नाही, आणि का नाही लिहिलं याचा विचार केला तर उत्तर बरं नाही. गोष्ट माझ्या हाताची होती आणि मला ती माझ्याच हातात ठेवायची होती.

आता नीट सांगतो. काकी त्या शेडमध्ये लग्न होऊन आल्यापासून काम करतात. शाडू भिजवून मळणं, साच्यातनं निघालेल्या मूर्तीचे जोड बुजवणं, ओल्या फडक्यानं घासणं, हे सगळं त्या आणि त्यांची सून करतात. आखणी मात्र पुरुष करतात अशी त्यांच्याकडची रीत. पण इतकी वर्षं शेजारी बसून मूर्ती धरायचं काम काकींचं. मूर्ती वळवायची, प्रकाश येईल अशी तिरकी धरायची. म्हणजे डोळे काढताना त्यांनी जेवढे पाहिले तेवढे आण्णांनीही पाहिले नसतील, कारण आण्णा एकच डोळा बघत होते, काकी दोन्ही. म्हणून त्यांना ते वाक्य सुचलं.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. एवढं कबूल करतो की मीपणा सोडणं आणि मीपणा हिरावला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकत्र केल्या होत्या. पहिल्यात माणूस कामात जातो, काम संपलं की परत येतो आणि सही करतो. दुसऱ्यात परत यायला जागाच नसते.

---

मेंदूचाविद्यार्थी | १४ जुलै, रात्री १२:१०

उशिरा आलो. मी या विषयाकडं जरा दुसऱ्या बाजूनं बघतो, पण भावना तुमच्यासारखीच आहे. मी बासरी वाजवतो.

२००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राऊन या दोघांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. एकदा पाठ केलेलं, एकदा तिथल्या तिथं सुचेल ते. सुचेल तसं वाजवताना कपाळामागचा, बाजूचा जो भाग स्वतःवर देखरेख ठेवतो, चुका पकडतो, त्याचं काम मंदावलेलं दिसलं. आणि मधला भाग, जो स्वतःचं काहीतरी सांगण्याशी जोडलेला मानतात, तो जास्त चालू झाला. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की 'मी' सगळाच जात नाही. पहारेकरी जातो, सांगणारा राहतो. सुईदोरांच्या मुद्द्याशी हे जुळतं असं मला वाटतं. सहा माणसांवरचा प्रयोग आहे, फार ताणायचा नाही, पण तेव्हापासून मी रियाजाच्या वेळी पहारेकऱ्याला मुद्दाम बोलावतो आणि वाजवायला बसलो की बाहेर पाठवतो.

दुसरी गोष्ट, कौलावर किती विसंबावं. डॅनियल काहनेमान आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, एक अंतःप्रेरणेबद्दल साशंक, दुसरा तिचा पुरस्कर्ता. दोघांनी एकत्र बसून २००९ मध्ये लिहिलं की ती भरवशाची ठरायला दोन गोष्टी लागतात. ज्या क्षेत्रात काम करतो तिथं काहीएक नेम असला पाहिजे, आणि आपण चुकलो की बरोबर हे लवकर आणि वारंवार कळलं पाहिजे. आता ओलाकागद यांची ती रात्र बघा. प्रत्येक डोळा झाल्या झाल्या काकी तिथंच आहेत, मूर्ती बघते की नाही हे त्याच क्षणी कळतंय. पैलवानाला तर पाठच लागते. म्हणून तिथला कौल पक्का. याउलट घाटाचं चित्र काढून ते वर्षभरानं परीक्षकांपुढं जायचं, तिथं हाताला शिकायला काय मिळणार?

---

अक्षरवाला | १४ जुलै, सकाळी ९:३०

मी बोर्ड पेंटर. म्हणजे होतो. फ्लेक्स आल्यावर दुकानाच्या पाट्या गेल्या, आता गाड्यांचे नंबर आणि देवळातली अक्षरं करतो.

आम्ही सिनेमाची मोठी बॅनर रंगवायचो. वीस-वीस फुटी. फोटोवर चौकटी मारायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी मारायच्या, आणि एकेक घर भरत जायचं. शिडीवर उभं राहिलं की समोर नुसतं नाक. नाकपण अर्धं. हिरवा, जांभळा, कच्चा पिवळा, असले रंग चेहऱ्यात घालायचे, जवळनं बघितलं तर माणूस म्हणेल हा काय येडेपणा. पण खाली उतरून रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं की नट हसतोय.

नवीन पोरगा आला की शिडीवर चढून त्याला भीती वाटायची आणि तो हिरवा पुसून गुलाबी करायचा. मग लांबून चेहरा पिठाचा दिसायचा. माझे गुरू म्हणायचे, वर असताना रंगावर शंका घ्यायची नाही, खाली उतरल्यावर घ्यायची. वर असताना शंका घेतली तर पडशील पण.

आपल्या जी. कांबळेंनी अशीच पोस्टरं रंगवली. १९७० साली शिवाजी महाराजांचं जे चित्र सरकारनं अधिकृत म्हणून घेतलं ते त्यांच्या हातचं. त्या चित्रासमोर उभा राहिलो की मला आधी पोस्टरवाल्याचा हात दिसतो, छातीठोक.

सुईदोरा ताई, पाटीच्या कोपऱ्यात आम्ही पेंटर लोक बारीक सही करायचो. दुकानदार कुरकुर करायचे. तरी करायचो. तुम्ही करताय ते बरोबर आहे.

---

पहिलंवर्ष | १४ जुलै, रात्री ८:०५

नमस्कार, मी लहान आहे तुमच्या सगळ्यांपेक्षा, कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. घाबरत लिहितेय.

मला कळतच नाही की आतून येणारा आवाज कौल आहे की भीती आहे की नुसता आळस. उदाहरणार्थ, परवा आजीचं व्यक्तिचित्र काढत होते. हात काढायची वेळ आली आणि आतून आलं, "हात नको, चेहऱ्यावर थांब." मी थांबले. सर म्हणाले चांगलं आहे. पण मला अजून शंका आहे की हात काढता येत नाहीत म्हणून मी पळाले. कसं ओळखायचं?

---

ओलाकागद | १४ जुलै, रात्री १०:३०

पहिलंवर्ष, घाबरू नकोस बाळा, तुझा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

माझ्यापुरतं सांगतो. भीती बोलते तेव्हा ती माणसांची नावं घेते. 'सर काय म्हणतील', 'ती अमुक किती छान काढते', 'हे प्रदर्शनात चालेल का'. हाताला जे सुचतं त्यात माणूस नसतो, वस्तू असते. 'इथं अजून गडद', 'ही कड विरघळू दे', 'तिथं गरम वाटतंय'. सुईदोरांच्या आईंचं वाक्य बघ, त्यात कुणीच नाही, फक्त तुकडा आहे. तुझ्या वाक्यात 'हात नको' आहे. नको कशाला? चित्राला नको, की तुला?

दुसरी खूण, कौल छोटा असतो. पुढची एक रेघ सांगतो, पूर्ण चित्र सांगत नाही. मला डोळ्यापुढं पूर्ण चित्र, फ्रेमसकट, दिसायला लागलं की मी ब्रश खाली ठेवतो आणि चहा घेऊन येतो. ते चित्र नसतं, बक्षीस असतं.

आणि सकाळी तपासायचंच. अक्षरवाले म्हणतात तसं, शिडीवरून उतरल्यावर. चित्र आरशात बघायचं, उलटं करून भिंतीला लावायचं. रात्रीच्या कौलांपैकी निम्मे तरी माझे सकाळी खोटे ठरतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. आबालाल रहिमान यांनी याच रंकाळ्याची, कोटितीर्थाची चित्रं परत परत काढली. तेच पाणी, वेगळा प्रहर. १९३१ साली ते गेले. शाहू महाराजांचा आश्रय असलेला हा चित्रकार शेवटपर्यंत फकिरासारखा राहिला. त्यांची रंकाळ्याची छोटी चित्रं बघायला मिळाली तर सोडू नकोस. पाण्यावरचा प्रकाश एका हातात टाकलाय, पण त्या एका हातामागं किती सकाळी असतील ते कळतं.

तू असं कर. आजीला परत बसव आणि फक्त हात काढ. चेहरा नाही. वीस वेळा काढ. एकविसाव्या वेळी आतून 'हात नको' आलं तर विश्वास ठेव.

---

तांबडीमाती | १४ जुलै, रात्री १०:४५

आजीला मधनं मधनं उठू द्या. म्हाताऱ्या माणसाचं अंग धरतं.

---

सुईदोरा | १५ जुलै, सकाळी ११:००

ओलाकागद, काकींचं लिहिलंत, बरं वाटलं. टोचलं असेल तर त्याबद्दल माफी मागणार नाही, पण आदर वाढला हे सांगते.

मेंदूचाविद्यार्थी यांचं 'पहारेकरी जातो, सांगणारा राहतो' हे मला पटलं. आई तुकड्यांकडं बघत बसायची तेव्हा ती तिथं नव्हती असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं की घरात एवढा एकच वेळ ती पूर्ण तिथं असायची. कुणाची बायको, कुणाची सून, कुणाची आई यातलं काही नसायची. तिचा मीपणा त्या वेळी जात नव्हता, उलट येत होता. म्हणूनच कदाचित ती आम्हाला तेव्हा हाक मारू द्यायची नाही.

पहिलंवर्ष, हात काढलेस की कोपऱ्यात सही कर. कच्चं असलं तरी. नाव, वार आणि तारीख.

---

पहिलंवर्ष | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

सर, ताई, सगळे,

वीस झाले नाहीत, चौदा झाले. पहिले सहा हातमोज्यांसारखे आले. सातव्याला आजी लसूण सोलायला लागली, म्हणाली नुसती बसवत नाही मला. मग हात हलायला लागले आणि मला बघून काढायला वेळच मिळेना. कोळशानं नुसते फटकारे मारत गेले. अंगठ्याचं नख लसणीत घुसतं तेव्हा मनगटाची शीर कशी वर येते ते दिसलं. ते मी आधी कधी बघितलंच नव्हतं, इतकी वर्षं तिच्याजवळ राहून.

अकरावं चित्र चांगलं आहे. मला माहीत आहे की चांगलं आहे, सरांना अजून दाखवलेलं नाही. सही केली. आजीनं सही कुठं आहे ते बघायला मागितलं आणि बोटानं तिच्यावरची कोळशाची पूड पुसून टाकली, म्हणून परत करावी लागली.

---

ओलाकागद | १७ ऑगस्ट, रात्री ११:४०

पहिलंवर्ष, अकरावं चित्र घेऊन रविवारी सकाळी सहाला संध्यामठाकडं ये, आम्ही तिघं-चौघं असतो. आजींना घेऊन ये म्हणालो असतो, पण पाऊस आहे.

आज आण्णांच्या शेडमध्ये होतो. या वर्षी काकी आखणीला बसल्या आहेत. मी विषय काढला होता, आण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग ब्रश त्यांच्यापुढं ठेवला. आज मूर्ती मी धरल्या. त्या झालेल्या डोळ्याकडं बघतात आणि हात दुसऱ्यावर जातो, श्वास कधी सोडतात कळत नाही.

मूर्तीच्या पाटाखाली नाव लिहा म्हणालो तर नको म्हणाल्या. "पाण्यात जाणार ते, त्याला नाव कशाला." मी जास्त बोललो नाही. पण आण्णांची ऑर्डरची वही असते, त्यात गिऱ्हाईकाचं नाव, उंची, रंग, आगाऊ रक्कम असे रकाने. सुनेनं आज शेवटी एक रकाना वाढवला आणि वर 'आखणी' लिहिलं. रात्री निघताना बघितलं, काकींच्या नावापुढं तेवीस मूर्ती होत्या, माझ्या नावापुढं चार.